होम थिएटर रिसीव्हरमधील सामान्य बिघाड

होम थिएटर रिसीव्हर किंवा एव्ही रिसीव्हर हे घरातील दृक्‌श्राव्य यंत्रणेचे मध्यवर्ती उपकरण होय. सेट टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, गेमिंग कन्सोल इत्यादी स्रोतांकडून आलेले संदेश स्वीकारणे, त्यांतील अंकीय ध्वनीची उकल करणे, तो विवर्धित करून स्पीकरांना पुरवणे आणि चित्र दूरचित्रवाणी संचाकडे पाठवणे ही कामे ते करते. अनेक उपकरणे एकाच ठिकाणी जोडलेली असल्याने यंत्रणेतील कोणताही दोष प्रथमदर्शनी रिसीव्हरचाच वाटतो. प्रत्यक्षात पुष्कळदा तो जोडणीत, केबलमध्ये किंवा सेटिंगमध्ये असतो.

दोष शोधण्याची पद्धत

एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे हे दोषशोधनाचे मूलतत्त्व आहे. एखादा स्पीकर बंद असल्यास त्याची वायर चालू स्पीकरच्या जागी जोडून पाहतात. स्पीकर तेथेही बंद राहिला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा वायरमध्ये असतो. वाजू लागला, तर दोष रिसीव्हरच्या त्या चॅनेलमध्ये किंवा त्याच्या सेटिंगमध्ये असतो. वायरींची अदलाबदल करण्यापूर्वी रिसीव्हर बंद करणे आवश्यक असते. रिसीव्हरमधील चाचणी-ध्वनी प्रत्येक स्पीकरमधून क्रमाने वाजतो. तो सर्व स्पीकरांतून ऐकू आल्यास विवर्धक, वायरी व स्पीकर ठीक असून दोष स्रोताकडील बाजूस आहे, असे अनुमान काढता येते.

आवाज न येणे

चुकीचा इनपुट निवडलेला असणे, म्यूट चालू असणे, हेडफोनची पिन लावलेली राहणे किंवा स्पीकरांचा ‘बी’ संच निवडलेला असणे ही याची साधी कारणे आहेत. दूरचित्रवाणी संचाचा आवाज रिसीव्हरवर आणण्यासाठी एचडीएमआयची एआरसी सुविधा वापरतात. ती एचडीएमआय १.४ या २००९ सालच्या आवृत्तीत आली. त्यासाठी दोन्ही उपकरणांवरील ‘एआरसी’ लिहिलेलेच पोर्ट जोडावे लागतात आणि बहुधा सीईसी हे सेटिंगही चालू ठेवावे लागते.

केवळ पुढील दोन स्पीकर वाजत असल्यास स्रोताचे ध्वनी-सेटिंग तपासतात. ते स्टिरिओ पीसीएमवर असल्यास ५.१ ध्वनी रिसीव्हरपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी ‘बिटस्ट्रीम’ हा पर्याय निवडतात. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटल व डीटीएस यांचा संपीडित ५.१ ध्वनी जाऊ शकतो. डॉल्बी ट्रूएचडीसारखा ध्वनी मात्र जात नाही.

चित्र न दिसणे

एचडीएमआयने जोडलेली उपकरणे परस्परांची ओळख पटवून मगच चित्र पाठवतात. त्यात एचडीसीपी या नक्कल-प्रतिबंधक प्रणालीची पडताळणीही होते. ही प्रक्रिया अर्धवट राहिल्यास पडदा काळा राहतो किंवा चित्र मधूनमधून जाते. सर्व उपकरणांच्या पिना काही मिनिटे काढून ठेवणे आणि नंतर प्रथम दूरचित्रवाणी संच, मग रिसीव्हर व शेवटी स्रोत सुरू करणे हा त्यावरील नेहमीचा उपाय आहे. संरक्षित ४के चित्रासाठी साखळीतील प्रत्येक उपकरणाला सामान्यतः एचडीसीपी २.२ चालावे लागते. मधला रिसीव्हर जुना असल्यास चित्र अडते. अशा वेळी स्रोत थेट दूरचित्रवाणी संचाला जोडून फक्त आवाज एआरसीने रिसीव्हरकडे आणता येतो.

गुणगुण व खरखर

भारतात वीजपुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्झ असल्याने स्पीकरमधील सततची गुणगुण सहसा ५० किंवा १०० हर्ट्झची असते. दोन उपकरणे वेगवेगळ्या मार्गांनी अर्थिंगला जोडली गेली की ‘ग्राउंड लूप’ तयार होतो. केबल टीव्हीची वायर हे त्याचे एक परिचित कारण आहे. सर्व इनपुट केबल काढल्यावर गुणगुण थांबली, तर त्या एकेक करून पुन्हा जोडतात व दोषी केबल ओळखतात. त्या मार्गावर आयसोलेटर बसवणे हा योग्य उपाय होय. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे जीवघेणे ठरू शकते, कारण त्यानंतर बिघाड झाल्यास उपकरणाच्या धातूच्या आवरणात वीजप्रवाह उतरतो.

कोकण व गोव्याच्या दमट हवेत स्पीकर-वायरींची उघडी तांब्याची टोके काळी किंवा हिरवी पडतात आणि आवाज तुटक येतो. खराब टोक कापून वायर नव्याने सोलल्यास हा दोष जातो.

आवाज व चित्र यांत तफावत

दूरचित्रवाणी संचाला चित्रावर प्रक्रिया करण्यास वेळ लागतो. त्यामुळे आवाज ओठांच्या हालचालीआधी ऐकू येतो. रिसीव्हरमधील ध्वनी-विलंबाचे सेटिंग वाढवून ही तफावत दूर करतात. आवाजच मागे राहत असल्यास हा विलंब शून्यावर आणतात. ब्लूटूथ जोडणीमुळे विलंब होत असल्यास वायरची जोडणी हाच खात्रीचा पर्याय ठरतो.

आपोआप बंद पडणे

रिसीव्हर सुरू होताच बंद पडत असेल किंवा पडद्यावर ‘प्रोटेक्ट’ असा संदेश येत असेल, तर संरक्षक मंडल कार्यरत झालेले असते. याची कारणे पुढीलप्रमाणे :

- स्पीकर-वायरीचे सुटे तंतू एकमेकांना किंवा मागील पत्र्याला टेकल्याने झालेले शॉर्टसर्किट.
- स्पीकरांचा संरोध फार कमी असणे. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास एकूण संरोध ४ ओहम होतो.
- बंद कपाटात किंवा अन्य उपकरणाखाली ठेवल्याने वाढलेले तापमान.
- विवर्धकातील अंतर्गत बिघाड.

सर्व स्पीकर-वायरी काढून रिसीव्हर सुरू केल्यावर तो चालू राहिला, तर दोष बाहेर असतो. तरीही बंद पडल्यास दोष आत असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी तो वारंवार सुरू करून पाहिल्यास हानी वाढते.

सुरक्षितता व दुरुस्ती

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्टचा आहे. अमेरिकेतून आणलेले केवळ १२० व्होल्टचे रिसीव्हर येथे थेट जोडल्यास जळतात. त्यांना पुरेशा क्षमतेचे स्टेपडाउन रोहित्र लागते. जळका वास, धूर किंवा स्पीकरमधून मोठा ‘धप्प’ आवाज आल्यास पिन तत्काळ काढणे आवश्यक असते. फ्यूज वारंवार उडत असल्यास अधिक क्षमतेचा फ्यूज बसवल्याने आगीचा धोका निर्माण होतो. पिन काढल्यानंतरही आतील धारित्रांमध्ये विद्युत्‌भार साठून राहत असल्याने उपकरण उघडण्याचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडेच सोपवले जाते.

फॅक्टरी रीसेट हा अखेरचा उपाय मानला जातो. त्याने स्पीकरांची अंतरे, पातळ्या व इनपुटांची नावे पुसली जातात. म्हणून त्यांची आधी नोंद करून ठेवणे सोयीचे असते.