साडेसहा कोटी वर्षांचा बॅकअप

धुळ्याहून साक्रीकडे किंवा नंदुरबारकडे गाडी काढली की मोकळ्या माळावर मध्येच काळ्या दगडाची एक ओळ लागते. भिंत बांधावी तशी सरळ, पूर्व-पश्चिम. लहानपणी जळगावहून मामाकडे जाताना मला ती कुठल्यातरी किल्ल्याची तटबंदी वाटायची. मामाने कधी दुरुस्तही केलं नाही.

तटबंदी नाही, तो डाईक आहे. दख्खनच्या लाव्हाचे थर बसल्यावर त्यांना चिरत खालून शिलारस उभा वर घुसला आणि तिथेच गोठला. आजूबाजूचा मऊ दगड झिजला, हा कणखर मागे राहिला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नंदुरबार-धुळे पट्ट्यात एक किलोमीटरहून लांब असे २१० डाईक मोजलेत. सगळ्यात लांब ७९ किलोमीटर!

आता हे सगळं आठवायचं कारण वेगळंच. परवा ऑफिसात जेवताना स्कर्मिऑनचा विषय निघाला. काही स्फटिकांची रचना डाव्या-उजव्या हातासारखी असते, आरशातल्या प्रतिमेशी न जुळणारी. त्यांच्यातली अणूंची चुंबकं एकमेकांना पीळ देतात आणि त्यातून चिमुकला भोवरा तयार होतो, तो स्कर्मिऑन. २००९ मध्ये म्युनिकच्या संशोधकांनी मँगनीज-सिलिकॉनच्या स्फटिकात अशा भोवऱ्यांची जाळी पहिल्यांदा दाखवली. उद्याची मेमरी म्हणून याच्याकडे बघतात. पण भोवरा लाडावलेला. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र कमी पडलं तर नुसता पीळ उरतो, जास्त झालं तर सगळे अणू एका दिशेला तोंड करून उभे. मधल्या अरुंद पट्टीतच तो जगतो, तेही उणे २४५ सेल्सिअसच्या आसपास. २०१६ मध्ये जपानी संशोधकांनी नमुना झपकन थंड केला, तेव्हा एरवी जिथे भोवरे मोडले असते त्या तापमानालाही ते टिकले.

थंड करून अडकवायचं! हे तर आमच्या मामाच्या गावच्या दगडाने कधीच केलंय, आणि कितीतरी क्षीण क्षेत्रात. या दगडात मॅग्नेटाईटचे बारीक कण असतात. शुद्ध मॅग्नेटाईट ५८० अंशांच्या वर चुंबक राहतच नाही. त्याखाली थंड होताना कण पृथ्वीच्या क्षेत्राकडे कलतात आणि तसेच गोठतात. हे क्षेत्र म्हणाल तर आज खान्देशात ४५ मायक्रोटेस्लाच्या आसपास, स्कर्मिऑनला लागतं त्याच्या काही हजारांश. पण ते एकदाच लागतं, लिहिताना. पुढे सांभाळायचं काम कणाच्या आकाराचं. लुई नेलने १९४९ मध्ये हिशोब मांडला: कणाचा आकार थोडासा वाढला की आठवण टिकायचा काळ मिनिटांवरून अब्जावधी वर्षांवर जातो.

ही आठवण पहिल्यांदा वाचली कोणी? केंब्रिजच्या टेड आयर्विंगने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दख्खनचे मोजके दगड मागवून घेतले. भारत दक्षिणेकडून सरकत आलाय असं त्यांतून निघालं, तेही खंड सरकतात म्हटल्यावर लोक हसायचे त्या दिवसांत. १९५४ मध्ये त्याचा प्रबंध चक्क नापास झाला. पुढे १९५९ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमधल्या राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी डॉइश यांच्याबरोबर दख्खनच्या दगडांवर निबंध लिहिला. गोठलेल्या चुंबकत्वाचा जमिनीशी कोन बघून अक्षांश काढतात. दख्खन घडला तेव्हा हा प्रदेश सुमारे ३० अंश दक्षिणेला होता. धुळं आज २१ अंश उत्तरेला. म्हणजे साडेपाच हजार किलोमीटरचा प्रवास! शिवाय बराचसा दख्खन उलट ध्रुवांच्या काळात गोठलाय. तेव्हा होकायंत्र असतं तर काटा दक्षिण दाखवत बसला असता.

ही आठवण अगदीच अमर नाही. वीज पडली की तिचं क्षेत्र वरच्या दगडावर नवीन काहीतरी लिहून जातं. मग प्रयोगशाळेत उलटसुलट होणारं क्षेत्र लावून, हळूहळू कमी करत, ही कच्ची आठवण पुसतात. मूळची चिवट असते, ती उरते.

एक गोष्ट मात्र पुन्हा मिळवता येत नाही. नमुना काढण्याआधी त्याच्यावर उत्तर कुठे आणि कल किती याची खूण करावी लागते. खूण न करता दगड फोडला की आत चुंबकत्व आहे, पण ते कुठे बोट दाखवत होतं हे कायमचं गेलं. राजवाड्यांना कळली असती ही व्यथा. मूळ कागदासाठी गावोगाव हिंडलेला हा माणूस १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच वारला, आणि त्यांनी जमवलेली दप्तरं राजवाडे संशोधन मंडळात नीट आहेत. डाईकला असं मंडळ नाही. मामाच्या गावाजवळची ओळ आता मध्येच तुटलीय. तिथे क्रशर लागलाय आणि तटबंदीची खडी होऊन रस्त्यावर जातेय. मामाच्या मुलाचा ट्रॅक्टरही त्याच कामावर असतो, त्यामुळे मी तरी कुठल्या तोंडाने बोलू?

दिवाळीत होकायंत्र घेऊन जाणार आहे. वीज पडलेल्या डाईकजवळ काटा हलतो म्हणे. बघू, उरलेल्या तुकड्याजवळ हलतो का ते.