यमुनेचे पैलतीर

पाण्यापलीकडचे गाव ही मराठी माणसाच्या परिचयाची गोष्ट आहे. हिवाळ्यातील एखाद्या स्वच्छ उन्हाच्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसावे, रेवस किंवा मोरा गाठावे, दिवसभर किनाऱ्यावर हिंडावे आणि दिवेलागणीला परतावे, हा मुंबईकरांचा जुना परिपाठ. दिल्लीच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. त्यांच्या वाट्याला यमुना आली आहे. तरीही त्यांतील अनेकजण ज्या नोएडात राहतात, ते पाण्यापलीकडचेच उपनगर होय. १७ एप्रिल १९७६ रोजी स्थापन झालेल्या या नगराचे नाव ‘न्यू ओखला इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट ऑथॉरिटी’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून बनले. मूळचे ओखला नदीच्या पश्चिम तीरावर आहे, नवे ओखला पूर्व तीरावर वसले. अशा रीतीने पैलतीराने ऐलतीराचे नाव घेतले. दोन तीरांमधल्या पाण्याचा इतिहास मात्र त्या नावात उतरला नाही, आणि मराठ्यांच्या उत्तरेतील भाग्याचा मोठा अंश त्याच इतिहासात दडलेला आहे.

लोखंडी पूल होण्यापूर्वी दिल्लीपाशी यमुना ओलांडण्याचे मार्ग तीनच होते. पाणी ओसरले की उतारावरून पायी जाता येई, एरवी नाव, आणि किल्ल्याजवळ नावा एकमेकींना जखडून केलेला पूल. दिल्ली पश्चिम तीरावर, तर तिला धान्य पुरवणारा दुआब पूर्वेकडे. म्हणूनच शाहदरा आणि पटपडगंज या पैलतीरावरच्या पेठा शहराच्या अन्नाच्या दाराशी उभ्या होत्या. नावा ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती या दाराची किल्ली असे. पावसाळ्यात नदी तटबंदीसारखी शहराचे रक्षण करी. हिवाळ्यात तीच नदी शत्रूला वाट देई.

मराठ्यांना याचा पहिला कठोर अनुभव १७६० मध्ये आला. १० जानेवारीला दिल्लीच्या उत्तरेस बुराडी घाटावर, पाणी उतरलेल्या यमुनेच्या पात्रात अफगाण फौजेशी लढताना दत्ताजी शिंदे पडले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली; पण अब्दाली पलीकडच्या तीरावर होता आणि मध्ये पावसाने फुगलेली नदी होती. दोन्ही सैन्ये पाणी ओसरण्याची वाट पाहत राहिली. १७ ऑक्टोबरला भाऊंनी कुंजपुरा जिंकले, आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांतच अब्दालीने बागपताजवळ नदी उतरून मराठ्यांचा दिल्लीशी असलेला संबंध तोडला. १४ जानेवारी १७६१ च्या पानिपताची वाट बागपताच्या उतारावरून गेली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

पानिपतानंतरही मराठे दिल्लीस परतले. १७८४ अखेरीस महादजी शिंदे बादशहाचे वकील-ए-मुतलक झाले आणि पुढे दिल्लीवर शिंद्यांचा अंमल बसला. त्या अंमलाचा शेवट आजच्या नोएडाच्या भूमीवर झाला. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला, पुढच्या वर्षी युद्ध पेटले, आणि ४ सप्टेंबर १८०३ रोजी अलीगढचा किल्ला घेऊन जनरल लेक दिल्लीकडे निघाला. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी लुई बुर्किन या फ्रेंच सेनापतीच्या हाताखाली दिल्लीहून नदी ओलांडून पूर्व तीरावर आल्या. ११ सप्टेंबरला पटपडगंजच्या आसमंतात लढाई झाली. इंग्रज पहाटेपासून सुमारे १८ मैल चालून उन्हाने थकले होते, तर मराठ्यांचा तोफखाना भक्कम मोर्चात उभा होता. लेकने घोडदळ मुद्दाम मागे घेतले. माघार समजून मराठी फौज मोर्चे सोडून पुढे आली, आणि तिथेच डाव फिरला. इंग्रजांचे सुमारे पाचशे लोक ठार वा जखमी झाले. ६८ तोफा त्यांच्या हाती लागल्या. पराभूतांच्या पाठीशी यमुना होती. पळणाऱ्यांतले कितीतरी तिच्या पाण्यात बुडाले.

तीन दिवसांनी लेकचे सैन्य नावांतून पलीकडे जाऊ लागले, आणि १६ सप्टेंबरला अंध शाह आलमने लेकची भेट घेतली. डिसेंबरातील सुर्जी-अंजनगावच्या तहाने दुआब शिंद्यांच्या हातून गेला. जे पाणी त्यांच्या सैनिकांना परतू देऊ शकले नाही, त्याच पाण्याने दिल्लीचा नवा धनी पैलतीरी पोहोचवला.

या लढाईचा स्मृतिस्तंभ नोएडाच्या सेक्टर ३८ मधील गोल्फच्या मैदानात उभा आहे. तो जेत्यांचा स्तंभ आहे. त्यावर लेकचे नाव आहे, बुर्किनचेही आहे. मोर्चात उभे राहिलेल्या आणि नदीत बुडालेल्या शिपायांचे नाव घ्यायला तेथे कोणी नव्हते. त्यांत दक्षिणेतले थोडे आणि हिंदुस्थानी बरेच, परंतु निशाण मराठ्यांचे होते.

नंतरच्या शतकात नदी माणसाळली. ११ मे १८५७ रोजी मेरठचे शिपाई नावांच्याच पुलावरून दिल्लीत शिरले; पुढल्या दशकात रेल्वेचा लोखंडी पूल झाला. १८७४ मध्ये ओखल्याच्या बंधाऱ्यावरून आग्रा कालवा सुरू झाला आणि १९०४ पर्यंत त्यात नावाही चालत. बंधाऱ्यामागचे स्थिर पाणी पाहायला माणसे येऊ लागली. डबे बांधून ओखल्याला जावे आणि काठावर दुपार काढावी, ही विसाव्या शतकातील दिल्लीकरांची सहल. ज्या पाण्याने राज्ये पालटली, त्याच्या काठी निवांत बसता येणे ही लहान गोष्ट नव्हे. पाण्याकाठच्या सहली शांततेच्या काळातच होतात.

आज तीही सहल सरली आहे. २००१ मध्ये नवा उड्डाणमार्ग झाला, २००९ पासून मेट्रो नोएडात पोहोचली. काही मिनिटांत नदी मागे पडते, आणि पुष्कळदा खिडकीतून तिच्याकडे कोणी पाहतही नाही. वजिराबाद ते ओखला हा सुमारे २२ किलोमीटरचा पट्टा नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. पण तिच्यातील घाणीचा फार मोठा वाटा याच पट्ट्यातला आहे. दिवाळीच्या सुमारास ओखल्याशी पांढरा फेस तरंगतो. त्याच बंधाऱ्याच्या अंगाला, १९९० मध्ये घोषित झालेल्या पक्षी अभयारण्यात, हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी अजूनही उतरतात.

हिंदीत नावाड्याच्या भाड्याला ‘उतराई’ म्हणतात. मराठीत उतराई होणे म्हणजे ऋण फेडणे. पुलावरून जाणाऱ्याला भाडे पडत नाही, म्हणून ऋणही आठवत नाही. एखाद्या उन्हाच्या रविवारी नोएडातील मराठी कुटुंबांनी ओखल्याच्या काठावर जावे, आणि हे पाणी आपल्या पूर्वजांनी कोणकोणत्या वेळी ओलांडले, व कधी ओलांडता आले नाही, ते मुलांना सांगावे. नदी पुन्हा नाव चालण्याजोगी व्हावी, ही मागणी अशा ओळखीतूनच बळ धरील.