नव्या कणसांचा सण

गोव्यातील ख्रिस्ती समाजाच्या ‘कोणसाचें फेस्त’ या सणात पाद्री भाताच्या पहिल्या कणसांना आशीर्वाद देतो आणि ती वाजतगाजत वेदीवर नेली जातात. राय गावात हा सण 5 ऑगस्टला होतो. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी हिंदू घरांत नव्या कणसांची पूजा होते. धर्मांतरानंतर त्याच शेतकरी परंपरेला चर्चचे छत्र मिळाले.

अशा जुन्या चालींबद्दल चर्चची भूमिका एकसारखी नव्हती. पोप पहिला ग्रेगरी याने 601 मध्ये इंग्लंडमधील देवळे न पाडता, मूर्ती हटवून त्यांची चर्चे करण्याचा सल्ला दिला होता. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, मात्र 1736 च्या फर्मानात अंगणातली तुळस, लग्नातली गाणी, इतकेच काय, मिठाविना शिजवलेला भातही निषिद्ध ठरवला. ही सक्ती थेट चुलीपर्यंत पोचणारी, म्हणून अधिक क्रूर होती. कणसांचा सण तिच्यातून तगला. वसई-मुंबईकडील ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजही ‘आगेरा’ हा सुगीचा सण ऑक्टोबरमध्ये साजरा करतो.