तात्पुरती हकालपट्टी (कुमार फुटबॉल)
पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला काही मिनिटे मैदानाबाहेर बसवण्याची शिक्षा. इंग्लंडमध्ये तिला 'सिन बिन' म्हणतात.

फुटबॉलमध्ये ताकीद व हकालपट्टी दाखवणाऱ्या पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना इंग्लिश पंच केन ॲस्टन यांना वाहतुकीच्या दिव्यांवरून सुचली. 1966 च्या विश्वचषकातील इंग्लंड–अर्जेंटिना सामन्यात कोणाला ताकीद मिळाली यावरच गोंधळ उडाला होता. 1970 च्या मेक्सिको विश्वचषकात कार्डे प्रथम वापरली गेली.

कुमारांच्या सामन्यात मात्र कार्ड पुष्कळदा अपुरे पडते. पिवळे कार्ड पाहून तेरा-चौदा वर्षांचा मुलगा खांदे उडवतो; लाल कार्डाने त्याचा सामनाच संपतो आणि संघ एका खेळाडूने कमी होतो. मधली पायरी म्हणून खेळाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने 2017 मध्ये कुमार, ज्येष्ठ, दिव्यांग व तळागाळातील फुटबॉलसाठी या शिक्षेला परवानगी दिली. मुदत एकूण खेळाच्या 10 ते 15 टक्के असते. 90 मिनिटांच्या सामन्यात साधारण 10 मिनिटे. तेवढा वेळ त्याच्या जागी बदली खेळाडू उतरवता येत नाही. ही खरी मेख: हुज्जतीची किंमत सोबत्यांना मोजावी लागते, आणि पंचाला न जुमानणारा मुलगा सोबत्यांची नजर चुकवतो.

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 31 लीगमध्ये प्रयोग केला. हुज्जतीच्या प्रसंगांत 38 टक्के घट नोंदवली गेली, आणि 2019-20 च्या हंगामापासून तळागाळात ही पद्धत लागू झाली. हिंसक वर्तनाला ती लागू नाही. तिथे थेट लाल कार्डच.