सिल्व्हरस्टोनचा चिखल

इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन ही शर्यतभूमी मुळात दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बर विमानांचा तळ. १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वनच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत येथेच झाली. विमानतळामुळे स्पर्धकांना पक्का रस्ता आयताच मिळाला. प्रेक्षकांच्या मोटारींच्या वाट्याला मात्र भोवतालची चिकणमातीची शेते आली. पाणी जिरू न देणाऱ्या अशाच मातीवर नवघर-भाईंदरची मिठागरे पिकली. सिल्व्हरस्टोनला तोच गुण नडला.

ब्रिटिश ग्रां प्री एरवी जुलैत होई. २००० साली आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने ती एप्रिलमध्ये, ऐन ईस्टरच्या सुटीत आणली. त्याआधी पावसाने शेते भिजून गेली होती. मोटारी चाकापर्यंत रुतल्या, ट्रॅक्टर लावून त्या ओढाव्या लागल्या. शेतात गाडी शिरेना, म्हणून मागचा ए-४३ महामार्गही हलेना. वाहनतळाचे दार हेच त्या कोंडीचे खरे मूळ होते. अखेर २२ एप्रिलला, सराव-पात्रतेच्या शनिवारी, वाहनतळ बंद झाले आणि तिकीटधारकांना घरीच थांबण्यास सांगण्यात आले. रविवारी डेव्हिड कुल्टहार्ड जिंकला, पण त्या वर्षीची आठवण चिखलाचीच राहिली.

पुढच्या वर्षी शर्यत जुलैत परतली, २००२ मध्ये ए-४३ रुंदावला. दोष तारखेचा, असेच सर्वांनी धरले. मग ६ जुलै २०१२ च्या शुक्रवारी, भर उन्हाळ्यात, मुसळधार पावसाने तीच शेते पुन्हा बुडवली, आणि सार्वजनिक वाहनतळावर येणाऱ्यांना शनिवारी न येण्याची विनंती आयोजकांना पुन्हा करावी लागली.