सर्पदंशाच्या मृत्यूंची मोजदाद

भारतात सर्पदंशाने दरवर्षी किती जण दगावतात, याचे उत्तर केवळ रुग्णालयांतील नोंदींवरून मिळत नाही. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच मरण पावलेल्यांची नोंद तेथे नसते.

ही उणीव ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’ने दूर केली. हा अभ्यास भारताच्या महानिबंधकांच्या नमुना नोंदणी पद्धतीवर आधारित आहे. २००१ ते २००३ या काळात ६,६७१ निवडक क्षेत्रांत झालेल्या सुमारे १ लाख २३ हजार मृत्यूंची माहिती मृतांच्या घरी जाऊन घेण्यात आली. प्रत्येक वृत्तान्त दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तपासून मृत्यूचे कारण निश्चित केले.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सर्पदंशाने वर्षाला सुमारे ४६ हजार मृत्यू होत होते. रुग्णालयांच्या अधिकृत आकड्यांपेक्षा ही संख्या ३० पटींहून अधिक होती. ९७ टक्के मृत्यू ग्रामीण भागातील होते, तर ७७ टक्के मृत्यू आरोग्य संस्थांच्या बाहेर झाले होते. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत धोका सर्वाधिक आढळला. २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना करण्यात आली. प्रतिविषाचा साठा कोठे व कोणत्या महिन्यांत हवा, हे ठरविण्यासाठी रुग्णालय आणि लोकसंख्या या दोन्ही नोंदी आवश्यक आहेत.