हक्क फुकट, मग दलाली कशाची?

इंग्लंडमध्ये १६०१ च्या गरीब-कायद्यातून स्थानिक कर रुजला. दुकाने-कारखान्यांवरील या कराचा, म्हणजे ‘बिझनेस रेट्स’चा, दर १९९० पासून केंद्र सरकार ठरवू लागले. २०१७ मध्ये दाद मागण्याचे तीन टप्पे झाले: तपासणी, आव्हान, अपील. ही भाषा छोट्या दुकानदाराला कळेना. तिथेच दलालांचे फावले. फोन करायचा, आगाऊ फी उकळायची, मग गायब! वास्तविक पहिल्या दोन टप्प्यांना शुल्कच नाही. बारा हजार पौंडांपर्यंत करमूल्य असलेली एकच जागा असेल, तर कौन्सिलकडे अर्ज करून पूर्ण सूट मिळते. मग दलाल विकतो काय? दुकानदाराचाच हक्क, दुकानदारालाच! आम्ही विचारतो, कायदा अवघड ठेवून फायदा कोणाचा? मित्रांनो, सही करण्याआधी कायदा वाचा.